जिम क्लार्कला मागे टाकून वर्ल्ड चॅम्पियन झालेला डेनी हल्म आज कुणाच्याच लक्षात का नाही?

फोर्ड व्हर्सेस फेरारी हा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. नसेल पाहिला, तरी त्याच्या शेवटाची एखादी रील मोबाईलवर येऊन गेली असेल. १९६६ साल, फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत. केन माइल्स सगळ्यांच्या पुढे आहे. पण फोर्डच्या साहेबांना आपल्या तीन गाड्या एकत्र शर्यत संपवतानाचा फोटो हवा असतो, म्हणून माइल्सला वेग कमी करायला लावतात. आणि मग नियमावर बोट ठेवून दुसऱ्याच गाडीला विजेता ठरवलं जातं. का? तर ती गाडी सुरुवातीला काही मीटर मागे उभी होती, म्हणजे २४ तासांत तिने तेवढं अंतर जास्त कापलं.

सिनेमा संपला की सगळे केन माइल्ससाठी हळहळतात. हळहळायलाच पाहिजे, कारण त्यानंतर दोनच महिन्यांत तो एका टेस्टिंगमध्ये गेला.

पण एक साधी गोष्ट आहे. २४ तास एकच माणूस गाडी चालवत नसतो. माइल्सच्या त्या एक नंबरच्या गाडीत आळीपाळीने बसणारा दुसराही एक ड्रायव्हर होता. जेवढा विजय माइल्सच्या हातून गेला, तेवढाच त्याच्याही हातून गेला. विशेष म्हणजे शर्यत सुरू झाली तो दिवस होता १८ जून, म्हणजे या दुसऱ्या ड्रायव्हरचा तिसावा वाढदिवस. सिनेमात त्याच्या वाट्याला जेमतेम काही क्षण आलेत.

त्याचं नाव डेनी हल्म. पुढच्याच वर्षी हा माणूस फॉर्म्युला वनचा वर्ल्ड चॅम्पियन झाला.

डेनीचा जन्म १९३६ चा, न्यूझीलंडमधल्या मोटुएका गावचा. तो वाढला मात्र उत्तर बेटावर, ते पुके गावाजवळ. घरातला हिरो आधीच ठरलेला होता, ते म्हणजे त्याचे वडील क्लाइव्ह हल्म. दुसऱ्या महायुद्धात, मे १९४१ मध्ये ग्रीसच्या क्रीट बेटावर जर्मन सैन्याशी लढताना क्लाइव्ह यांनी शत्रूचे ३३ स्नायपर हेरून हेरून टिपले. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्याकडच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीतल्या लढाईसाठी मिळाला, तोच हा व्हिक्टोरिया क्रॉस. डेनी तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता.

युद्धानंतर क्लाइव्ह यांनी ट्रकचा धंदा केला. पोरगा वडिलांच्या मांडीवर बसून ट्रकचं स्टेअरिंग फिरवायला शिकला, आणि सहा वर्षांचा असल्यापासून एकटा ट्रक चालवायचा असं सांगतात. शाळा सुटल्यावर तो गॅरेजात लागला. पगारातले पैसे साठवून आधी एमजीची स्पोर्ट्स कार घेतली, मग त्याच्याकडे शर्यतीची कूपर आली. आणि शर्यतीत तो चक्क अनवाणी गाडी चालवायचा. पेडल पायाला नीट कळतं हे त्यामागचं कारण. युरोपात गेल्यावर सुरुवातीला लोक त्याला या अनवाणी पायांवरूनच ओळखायचे.

तो युरोपात गेला कसा, याचीही एक गंमत आहे. न्यूझीलंड म्हणजे जगाच्या एका टोकाला असलेला छोटा देश. तिथल्या पोराने कितीही वेगात गाडी हाणली तरी ती बघायला युरोपातल्या टीमचा मालक थोडाच येणार? म्हणून तिथल्या रेसिंग संघटनेने एक योजना काढली. चांगला ड्रायव्हर निवडायचा आणि एका सीझनसाठी युरोपला पाठवायचा. या योजनेतून १९५८ साली पहिला गेला तो ब्रूस मॅकलारेन. होय, आज ज्याच्या नावाची टीम फॉर्म्युला वनमध्ये आहे, तोच. १९६० मध्ये दोघांना संधी मिळाली, जॉर्ज लॉटन आणि डेनी हल्म.

दोघं सोबत गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डेन्मार्कच्या रॉस्किल्डे ट्रॅकवर लॉटनची गाडी उलटली. डेनी त्याच्याजवळ पोहोचला, आणि लॉटनने त्याच्या हातातच जीव सोडला. घरापासून हजारो मैल लांब, सोबत आलेला एकमेव मित्र गेलेला, खिशात फारसे पैसे नाहीत. अशा वेळी बहुतेक जण परतीचं तिकीट काढतील.

डेनी थांबला. त्याने इंग्लंडमध्ये जॅक ब्रॅबमच्या गॅरेजात मेकॅनिकची नोकरी धरली. ब्रॅबम म्हणजे तेव्हाचा दोन वेळचा वर्ल्ड चॅम्पियन आणि आता स्वतःच्या नावाने गाड्या बनवणारा ऑस्ट्रेलियन. डेनी दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे नट आवळायचा आणि संधी मिळेल तेव्हा छोट्या फॉर्म्युल्यात पळायचा. १९६३ मध्ये ब्रॅबमच्या फॉर्म्युला ज्युनिअर गाडीत त्याने सात शर्यती मारल्या. तरी एफ वनची सीट मिळायला १९६५ ची मोनॅको शर्यत उजाडली. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. आज विशीच्या आत एफ वनमध्ये येणारी पोरं बघितली की हे फार उशिराचं वाटतं.

१९६६ मध्ये ब्रॅबमने स्वतःच्या नावाच्या गाडीत वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली. हे त्याच्या आधी आणि त्याच्यानंतर कुणालाच जमलेलं नाही. डेनी त्या टीमचा नंबर दोन आणि चॅम्पियनशिपमध्ये चौथा.

आणि मग आलं १९६७. डेनीवर जे काही लिहिलं जातं ते याच वर्षापाशी येऊन अडतं, म्हणून ते जरा नीट बघू.

त्या वर्षी सगळ्यात वेगवान गाडी कुठली, यावर वादच नाही. लोटस ४९. तिच्यात कॉसवर्थचं नवंकोरं डीएफव्ही इंजिन होतं. हे इंजिन पुढची पंधराएक वर्षं एफ वनवर राज्य करणार होतं. आणि ती गाडी चालवायला होता जिम क्लार्क, ज्याला आजही जगातला सर्वोत्तम ड्रायव्हर मानणारे कमी नाहीत. ही गाडी जूनमध्ये नेदरलँड्सच्या झॅन्डव्होर्टला पहिल्यांदा उतरली आणि क्लार्कने पहिल्याच फटक्यात जिंकली.

ब्रॅबमच्या गाडीत ऑस्ट्रेलियात बनलेलं रेप्को इंजिन होतं. साधं, हलकं आणि डीएफव्हीपेक्षा ताकदीने कमी. पण ते टिकायचं. त्यातही एक मेख होती. मालक असल्याने ब्रॅबम नवा पार्ट आधी स्वतःच्या गाडीत लावून बघायचा. चालला तर फायदा त्याचा, तुटला तर शर्यत त्याची गेली. डेनीच्या गाडीत मात्र पारखून घेतलेलं सामान असायचं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं याच गॅरेजात पाने फिरवलेत, त्याला गाडीला कुठे जपायचं आणि कुठे पिळायचं हे सांगावं लागत नव्हतं.

सीझनच्या पहिल्या शर्यतीत, दक्षिण आफ्रिकेत, तो बराच वेळ पुढे होता. ब्रेकने दगा दिला आणि तो चौथा आला. दुसरी शर्यत मोनॅको. तिथे तो पुढे आणि फेरारीचा लोरेन्झो बँडिनी त्याच्या मागावर. शेवटच्या टप्प्यात बँडिनीची गाडी बंदराजवळच्या वळणावर धडकली, उलटली आणि पेटली. कडेला ठेवलेल्या गवताच्या गाठींनी आग आणखी भडकवली. शर्यत थांबवली नाही. तेव्हा तशी पद्धतच नव्हती. डेनी प्रत्येक लॅपला त्या धुराजवळून जात राहिला आणि जिंकला. एफ वनमधला त्याचा हा पहिला विजय. तीन दिवसांनी बँडिनी गेला. पहिल्या विजयाची आठवण अशी असेल तर माणूस ती मिरवणार तरी कशी?

त्याच महिन्याच्या शेवटी तो अमेरिकेत इंडियानापोलिस ५०० मध्ये होता. पावसामुळे ही शर्यत ३० आणि ३१ मे अशी दोन दिवस चालली. डेनीने तिथे पहिल्यांदाच भाग घेतला, चौथा आला आणि वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. ४ जूनला तो झॅन्डव्होर्टला हजर, आणि तिथे तिसरा. मध्ये अख्खा अटलांटिक महासागर.

ऑगस्टमध्ये जर्मनीचं नुर्बुर्गरिंग. जंगलातून जाणारी एक लॅप जवळपास २३ किलोमीटरची. इथे नशीबही त्याच्या बाजूने होतं, हे कबूल करायला हवं. डॅन गर्नी चाळीसेक सेकंदांनी पुढे असताना शेवटच्या काही लॅप उरल्या होत्या आणि त्याच्या गाडीचा ड्राइव्हशाफ्ट तुटला. डेनी जिंकला.

पूर्ण सीझन ११ शर्यतींचा. त्यातल्या आठ शर्यतींत डेनी पहिल्या तिघांत होता. दोन विजय, तीनदा दुसरा, तीनदा तिसरा. शेवटची शर्यत मेक्सिकोत. तिथे चॅम्पियनशिपच्या रिंगणात दोघेच उरले होते, डेनी आणि त्याचा मालक. ब्रॅबमला काहीही करून जिंकायचंच होतं. डेनीला फक्त नीट शर्यत संपवायची होती. क्लार्क पहिला, ब्रॅबम दुसरा आणि डेनी तिसरा. हिशोब झाला तेव्हा डेनी ५१, ब्रॅबम ४६, क्लार्क ४१. न्यूझीलंडला एफ वनचा पहिला वर्ल्ड चॅम्पियन मिळाला. त्यानंतर आजवर दुसरा मिळालेला नाही.

आता त्याच्यावरचा आरोप बघा. क्लार्कने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या, डेनीने दोनच. डेनीने वर्षभरात एकदाही पोल पोझिशन घेतली नाही. मग हा कसला चॅम्पियन?

मला हा आरोप अर्धाच पटतो. एका लॅपच्या वेगात क्लार्क त्याच्यापेक्षा सरस होता, यात शंका नाही. पण चॅम्पियनशिप एका लॅपची नसते. पहिल्याला ९ गुण आणि दुसऱ्याला ६ असे तेव्हा मोजले जायचे, ते शर्यत संपल्यावर. लोटस वेगवान होती आणि तुटायची. ब्रॅबम हळू होती आणि पोहोचायची. ती पोहोचवणारा माणूस तिला ओळखून चालवत होता, हे कौशल्यच आहे. क्रिकेटमध्ये आपण पन्नासच्या सरासरीला मान देतो, मग इथे सातत्याला नशीब का म्हणायचं?

खरं कारण बहुधा वेगळं आहे. डेनीला प्रसिद्धीचं वावडं होतं. टीममधले लोक त्याला 'द बेअर' म्हणजे अस्वल म्हणायचे. अंगाने दणकट, बोलायला तुटक, पत्रकार दिसला की कपाळावर आठ्या. जवळच्यांसाठी जीव टाकणारा, पण कॅमेऱ्यासमोर हसायला सांगितलं की झालं. त्याचा काळ होता जॅकी स्टुअर्टचे लांब केस आणि ग्रॅहम हिलच्या मिशांचा. मग फोटो कुणाचे छापून येणार?

चॅम्पियन झाल्यावर लगेच त्याने ब्रॅबमची टीम सोडली आणि आपल्या गाववाल्याकडे, ब्रूस मॅकलारेनकडे गेला. आज मॅकलारेनच्या गाड्यांचा तो नारिंगी, पपईसारखा रंग तुम्ही बघता ना? तो अंगावर घेऊन मॅकलारेनच्या गाड्या १९६७ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या कॅन-ऍम मालिकेत उतरल्या होत्या. आणि त्यातल्या पहिल्या तीनही शर्यती डेनीनेच जिंकल्या होत्या.

ही कॅन-ऍम म्हणजे भलतंच प्रकरण होतं. नियम जवळपास नाहीतच. इंजिन केवढंही मोठं लावा, किती ताकद काढायची ती काढा. गाड्या एफ वनपेक्षा दांडग्या आणि बक्षिसाची रक्कमही मोठी. मॅकलारेनच्या टीमचं घर याच पैशांवर चालायचं. १९६७ ते १९७१ अशी सलग पाच वर्षं चॅम्पियनशिप या टीमकडे राहिली. त्यातली १९६८ आणि १९७० ची डेनीची. १९६९ मध्ये ११ शर्यती झाल्या आणि अकराच्या अकरा मॅकलारेनच्या गाड्यांनी नेल्या, सहा ब्रूसने आणि पाच डेनीने. लोक त्या मालिकेलाच ब्रूस आणि डेनीचा शो म्हणायला लागले. डेनीने एकूण २२ कॅन-ऍम शर्यती जिंकल्या. जुन्या कॅन-ऍममध्ये एवढ्या कुणीच जिंकल्या नाहीत. पण ही मालिका बंद पडली आणि तिच्यासोबत हा आकडाही विसरला गेला.

एफ वनमध्येही १९६८ ला तो इटली आणि कॅनडाची शर्यत जिंकून शेवटच्या शर्यतीपर्यंत विजेतेपदाच्या रिंगणात होता. अखेर तिसरा आला.

डेनी हल्म काय चीज होता हे मात्र १९७० च्या उन्हाळ्याने दाखवलं.

मे महिना, इंडियानापोलिस. सरावादरम्यान गाडीच्या इंधनाच्या टाकीचं झाकण उघडलं आणि मेथेनॉल उडून पेटलं. मेथेनॉलची आग फार वाईट असते. दिवसाउजेडी तिची ज्वाळा दिसत नाही, धूर निघत नाही. लांबून बघणाऱ्याला कळतही नाही की माणूस जळतोय. डेनीने चालत्या गाडीतून उडी टाकली. हात गंभीर भाजले, पायांनाही इजा झाली. ज्या हातांवर पोट, तेच हात बँडेजात.

तो त्यातून सावरत असतानाच, २ जूनला, इंग्लंडमध्ये गुडवुड ट्रॅकवर ब्रूस मॅकलारेन नव्या कॅन-ऍम गाडीची चाचणी घेत होता. गाडीचा मागचा भाग सुटला, ती भरकटली आणि आदळली. ब्रूस जागीच गेला. वय ३२. टीमचा मालक, डिझायनर, ड्रायव्हर आणि सगळ्यांचा मित्र, सगळं एका क्षणात संपलं.

टीम बंद पडायची वेळ होती. बारा दिवसांनी कॅनडात कॅन-ऍमची पहिली शर्यत होती. ब्रूसच्या जागी डॅन गर्नी आला. आणि दुसऱ्या नारिंगी गाडीत, भाजलेल्या हातांनी, डेनी हल्म बसला. या गाड्यांना पॉवर स्टेअरिंग वगैरे काही नव्हतं. कातडी धड भरली नव्हती अशा हातांनी ते स्टेअरिंग तास-दोन तास धरून ठेवायचं. गर्नी जिंकला, डेनी तिसरा आला. पुढे त्या सीझनमध्ये डेनीने सहा शर्यती जिंकल्या आणि चॅम्पियनशिप ब्रूसच्या टीमला मिळवून दिली. एफ वनमध्येही महिनाभरात फ्रान्सला परतला आणि चौथा आला.

आज मॅकलारेन ही एफ वनमधल्या सगळ्यात जुन्या आणि यशस्वी टीमपैकी एक आहे. सेना, प्रॉस्ट, हॅकिनेन, हॅमिल्टन ही नावं तिथे घडली. पण १९७० च्या जूनमध्ये ही टीम उभी राहिली नसती तर यातलं काहीच नसतं. ती उभी राहण्यात पडद्यामागे अनेकांचे कष्ट होते, पण ट्रॅकवर तिचा खांब एकटा डेनी होता.

पुढची चार वर्षं तो तिथेच राहिला. १९७२ मध्ये दक्षिण आफ्रिका जिंकली आणि चॅम्पियनशिपमध्ये तिसरा आला. १९७३ मध्ये मॅकलारेनची नवी एम २३ गाडी आली आणि तिच्या पहिल्याच शर्यतीत ३६ वर्षांच्या डेनीने पोल पोझिशन घेतली. अख्ख्या कारकिर्दीतली एकुलती एक. त्याच वर्षी स्वीडनमध्ये रॉनी पीटरसन आपल्या घरच्या लोकांसमोर जिंकत आला होता. त्याचा टायर बसत चालला आणि शेवटून दुसऱ्या लॅपला डेनीने त्याला गाठलं. पुन्हा तेच. गाडी जपून ठेवायची आणि समोरचा ढिला पडला की जायचं.

१९७४ ची सुरुवात त्याने अर्जेंटिनातल्या विजयाने केली. हा त्याचा आठवा आणि शेवटचा विजय. मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत सराव चालू असताना पीटर रेव्हसनची गाडी कठड्यावर आदळून पेटली. रेव्हसन आदल्या वर्षापर्यंत मॅकलारेनमध्ये डेनीचा जोडीदार होता. त्याला बाहेर काढायला गाड्या थांबवून धावलेल्या ड्रायव्हर्समध्ये डेनी होता. रेव्हसन वाचला नाही. लॉटन, बँडिनी, ब्रूस, आता हा.

त्या सीझनअखेर डेनी निवृत्त झाला. शेवटची शर्यत अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला. चौथ्या लॅपला इंजिन गेलं आणि समारंभ, भाषणं, केक यातलं काही न होऊ देता तो निघाला. त्याच दिवशी मॅकलारेन पहिल्यांदा टीमची चॅम्पियन झाली, ७३ विरुद्ध फेरारीचे ६५. त्या ७३ मध्ये डेनीच्या अर्जेंटिनातल्या विजयाचे नऊ गुण होते. जल्लोष झाला तेव्हा तो तिथे नव्हता. एकूण ११२ शर्यती, त्यातल्या ३३ मध्ये पहिल्या तिघांत.

न्यूझीलंडला परतल्यावर काही वर्षं तो शांत होता. पण गाडी सुटली नाही. १९८६ मध्ये, पन्नाशीत, त्याने जेफ अ‍ॅलमसोबत रोव्हर गाडीतून सिल्व्हरस्टोनला टुरिस्ट ट्रॉफी जिंकली. ही ट्रॉफी त्याने आधी तीनदा जिंकली होती, पण शेवटची १९६८ साली. मधल्या १८ वर्षांचा हिशोब तुम्हीच करा. पुढे तो युरोपात ट्रकच्या शर्यतींतही उतरला. वडिलांच्या मांडीवर बसून शिकलेलं वाहन पन्नाशीनंतर पुन्हा हातात आलं.

१९८८ च्या ख्रिसमसला त्याचा २१ वर्षांचा मुलगा तलावात बुडून गेला. ट्रॅकवर इतके मृत्यू जवळून बघितलेल्या या माणसाला हा धक्का मात्र पेलवला नाही, असं त्याला ओळखणारे सांगत.

४ ऑक्टोबर १९९२. ऑस्ट्रेलियातलं बॅथर्स्ट, माउंट पॅनोरमाचा ट्रॅक, हजार किलोमीटरची शर्यत. ५६ वर्षांचा डेनी बीएमडब्ल्यू एम ३ चालवत होता. पाऊस सुरू झाला होता. त्याने रेडिओवरून टीमला कळवलं की डोळ्यांना धूसर दिसतंय. काचेवरच्या पावसामुळे असेल असं वाटलं. थोड्याच वेळात कॉनरॉड स्ट्रेट या लांबलचक सरळ पट्ट्यावर त्याची गाडी डावीकडच्या भिंतीला घासली, मग हळूहळू वेग कमी होत पलीकडच्या कडेला येऊन थांबली. बघणाऱ्यांना वाटलं, गाडी बिघडली म्हणून बाजूला घेतली. मार्शल पोहोचले तेव्हा डेनी पट्ट्यात तसाच बसलेला होता. त्याला हृदयविकाराचा झटका आला होता. हॉस्पिटलमध्ये नेल्यावर त्याला मृत घोषित केलं.

तोवर जेवढे एफ वन चॅम्पियन गेले होते, ते सगळे ट्रॅकवर, रस्त्यावर किंवा विमानाच्या अपघातात. नैसर्गिक मृत्यू आलेला पहिला चॅम्पियन डेनी हल्म. आणि तोही स्टेअरिंगवर.

बॅथर्स्टची १९९२ ची ही शर्यत ऑस्ट्रेलियात आजही प्रसिद्ध आहे, पण वेगळ्याच कारणासाठी. मुसळधार पावसात गाड्या एकमेकींवर आदळल्या, शर्यत मध्येच थांबवली आणि आधीच्या लॅपचा हिशोब धरून निसानच्या जिम रिचर्ड्स आणि मार्क स्कायफ यांना विजेते ठरवलं. त्यांची गाडी तर तेव्हा मोडून पडली होती. फोर्डचे पाठीराखे खवळले आणि विजेते मंचावर येताच हजारो लोकांनी हुर्यो उडवली. त्यावर रिचर्ड्सने माईक हातात घेऊन गर्दीला अक्षरशः शिव्या घातल्या. तो व्हिडिओ आजही फिरतो.

रिचर्ड्सही न्यूझीलंडचाच आणि डेनीचा दोस्त. मंचावर चढायच्या जरा आधी त्याला कळलं होतं की डेनी गेला.